प्राग नगरातील मंदिरे : दगड आणि वचन

(अभ्यासपाठ)

वाचावयाचे शास्त्रभाग : यिर्मया ७:१–१५, मार्क १३:१–२, १ पेत्र २:४–१०.



सुंदर मंदिर पाहून मन हरखावे, हे स्वाभाविक आहे. यरुशलेमेतील मंदिराचे प्रचंड दगड पाहून प्रभूच्या एका शिष्यालाही राहवले नाही, आणि त्याने ते आपल्या गुरूला मोठ्या कौतुकाने दाखविले. प्रभूने त्याला काय उत्तर दिले ते मार्काच्या तेराव्या अध्यायात आहे. ते वाचूनच हा पाठ आरंभावा.

आपल्या खेड्यापाड्यांतील मंडळ्यांत मंदिराचा प्रश्न वारंवार निघत असतो. कोठे मंदिरच नाही, व मंडळी कोणाच्या तरी पडवीत किंवा झाडाखाली जमते. कोठे मंदिर आहे पण कौले फुटून भिंती ओलावल्या आहेत. कोठे जागेचा तंटा कचेरीपर्यंत गेला आहे, आणि त्या तंट्यापायी भाऊ भावाशी बोलत नाही. “मंदिरावाचून आमची मंडळी ती कसली?” असे कष्टी होऊन विचारणारे बंधू पुष्कळ भेटतात. त्यांचे दुःख खरे आहे, ते हसण्यावारी नेण्याजोगे नाही. तथापि मंदिर म्हणजे काय आणि मंडळी म्हणजे काय, यांचा नीट विचार झाल्यावाचून त्या दुःखाला औषध सापडणार नाही. तो विचार करण्यासाठी या पाठात आपण युरोप खंडातील एका प्राचीन राजधानीची मनाने फेरी करू. त्या नगराने मंदिरे बांधली, पाडली, बळकावली आणि पुन्हा उभारलीही. त्याचे नाव प्राग.

१. नगराची ओळख

प्राग ही चेक प्रजासत्ताकाची राजधानी होय. पूर्वी या देशास बोहेमिया म्हणत, व त्याच्या पूर्वेकडील प्रांतास मोराविया म्हणत. हे दुसरे नाव वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण पुढे त्याचा आपल्याशी संबंध येणार आहे. नगराच्या मधून व्लताव्हा नावाची नदी वाहते. पश्चिम तीरावर टेकडी असून टेकडीवर राजाचा गड आहे. पूर्व तीरावर जुने गाव, म्हणजे बाजारपेठ, चौक व विद्यापीठ. दोन्ही तीरांना जोडणारा दगडी पूल सम्राट चौथा चार्ल्स याने १३५७ साली बांधावयास घेतला. त्याच राजाने १३४८ साली येथे विद्यापीठ स्थापिले. आपण गडावरून आरंभ करून पुलावरून जुन्या गावात उतरू.

२. गडावरचे महामंदिर

गडाच्या आवारात संत व्हाइटस याच्या नावाचे महामंदिर आहे. दुरून येणाऱ्या प्रवाशास नगरातील घरांआधी त्याचे मनोरे दिसतात. त्याचा पाया १३४४ साली घातला गेला आणि काम पूर्ण झाले १९२९ साली. एका मंदिरास पाचशे पंच्याऐंशी वर्षे! मध्यंतरी युद्धे झाली, पैसा आटला, कारागीर पांगले. कित्येक शतके हे मंदिर अर्धेच उभे होते, आणि उघड्या बाजूस तात्पुरती भिंत घालून लोक आतल्या भागात उपासना करीत. ज्या मंडळीचे मंदिर पाच वर्षे अपुरे राहिले म्हणून तिचा धीर सुटत आहे, तिने हे ध्यानी घ्यावे.

आत गेले असता उंच कमानी आणि रंगीत काचांची तावदाने दिसतात. वाक्लाव नावाच्या धार्मिक राजाचे दफनस्थान येथेच आहे. दहाव्या शतकात त्याच्या सख्ख्या भावाने राज्यलोभाने त्याचा घात करविला. त्याच्या स्मारकाच्या दालनाजवळून एका खोलीकडे वाट जाते. तेथे देशाचा राजमुकुट ठेवला आहे. त्या खोलीस सात कुलुपे असून सात किल्ल्या सात निरनिराळ्या अधिकाऱ्यांपाशी असतात. सातही जण एकत्र आल्यावाचून दार उघडत नाही. मंडळीच्या पैशांची पेटी एकाच्याच हाती देऊन मागाहून कुरकुर करणाऱ्या पंचांस यातून घेण्याजोगा धडा आहे.

याच मंदिरात लाकडावर कोरलेले एक मोठे चित्र आहे, आणि आपण प्रॉटेस्टंट लोकांनी त्याच्यापुढे थोडे थांबले पाहिजे. १६१९ साली येथे फ्रेडरिक नावाचा प्रॉटेस्टंट राजा गादीवर आला. त्याच्या दरबारी उपदेशकाच्या प्रेरणेने या मंदिरातील मूर्ती, चित्रे व वेद्या फोडण्यात आल्या. तो देखावा त्या लाकडावर कोरलेला आहे. ज्यांनी ती तोडफोड केली त्यांस आपण देवाची सेवा करीत आहो असे वाटले असेल. परंतु नगरातील लोकांची मने त्यामुळे दुखावली, त्यांत प्रॉटेस्टंटही होते. एका वर्षातच त्या राजाला पळ काढावा लागला. दुसऱ्याच्या पूज्य वस्तूवर हातोडा उगारून कोणाचे अंतःकरण जिंकता येत नाही. या फेरीत पुढे आपल्या पक्षाच्या लोकांनी सोसलेल्या पुष्कळ दुःखांचे वर्णन येईल. म्हणून आपल्या पक्षाचा हा दोष प्रथम सांगणे न्याय्य आहे.

३. बेथलेहेम, म्हणजे भाकरीचे घर

गड उतरून आपण दगडी पुलावर येतो. पुलास सोळा कमानी आहेत, आणि दोन्ही कठड्यांवर मिळून संतांचे तीस पुतळे आहेत. पूल ओलांडताच समोर जुन्या गावाचा काळवंडलेला बुरूज लागतो. त्याच्या कमानीखालून पुढे जाऊ, त्याची गोष्ट मागाहून सांगणे आहे. तेथून थोडे चालले की एका लहानशा चौकात दोन त्रिकोणी छपरांची एक साधी इमारत दिसते. मनोरा नाही, पुतळे नाहीत, सोनेरी नक्षी नाही. हेच बेथलेहेम मंदिर, आणि या फेरीतील मुख्य स्थळ हेच.

त्या काळी उपासना लॅटिन भाषेत होत असे, आणि ती भाषा शेतकऱ्यास, कोष्ट्यास किंवा मोलकरणीस कळत नसे. लोक मंदिरात जात, गुडघे टेकीत आणि न समजताच परत येत. हे पाहून १३९१ साली एका सरदाराने व एका व्यापाऱ्याने मिळून हे मंदिर स्थापिले. व्यापाऱ्याने आपली जागा दिली. येथील उपदेशकाने लोकांच्या भाषेत, म्हणजे चेक भाषेत, उपदेश करावा असे स्थापनेच्या लेखात ठरविण्यात आले. बेथलेहेम या नावाचा अर्थ भाकरीचे घर. सामान्य लोकांना येथे वचनाची भाकरी मिळावी, म्हणून हे नाव दिले. आत सुमारे तीन हजार माणसे मावत.

१४०२ साली यान हुस या मंदिराचा उपदेशक झाला. मंडळीच्या इतिहासात आपण त्याला जॉन हस या नावाने ओळखतो. तो हुसिनेत्स नावाच्या खेड्यातील गरीब घरचा मुलगा. विद्यापीठात शिकून तो तेथेच अध्यापक व पुढे मुख्याधिकारी झाला, परंतु मोठा पंडित होऊनही त्याने खेड्याची बोली टाकली नाही. लॅटिन लिपीत चेक भाषेतील कित्येक उच्चार लिहिता येत नसत. त्यासाठी अक्षरांवर खुणा देण्याची जी सुटसुटीत रीत निघाली तिचे श्रेय त्याला देण्यात येते. लोकांनी मंदिरात नुसते ऐकू नये, गावेही, म्हणून चेक भाषेतील गीतांना त्याने उत्तेजन दिले. इंग्लंडातील जॉन विक्लिफ याचे ग्रंथ वाचून त्याची अशी खातरी झाली होती की, मंडळीचा खरा मस्तक ख्रिस्त होय, आणि पाळकाचे आचरण शास्त्राच्या कसोटीस उतरले पाहिजे.

१४१२ साली पापक्षमेची पत्रे पैसे घेऊन विकण्यास प्रागमध्ये आरंभ झाला. हुसने त्याचा उघड निषेध केला. भर मंदिरात त्या विक्रीविरुद्ध बोलणाऱ्या तीन तरुणांचा शिरच्छेद करण्यात आला. लोकांनी त्यांची प्रेते गीते गात बेथलेहेम मंदिरात आणून पुरली. पुढे अशी आज्ञा निघाली की, हुस ज्या नगरात राहील तेथे कोणतीही उपासना होऊ नये, कोणाचे लग्न लागू नये, कोणाला विधिपूर्वक मूठमाती मिळू नये. आपल्यामुळे सर्व नगर वेठीस धरले जात आहे हे पाहून त्याने आपण होऊन प्राग सोडले.

आता मंदिराच्या प्रश्नाने व्याकूळ झालेल्या बंधूंनी लक्ष द्यावे. ज्याच्या उपदेशाला तीन हजार लोक जमत, त्या माणसाला आता मंदिर राहिले नाही. मग त्याने काय केले? तो खेड्यांत गेला. शेतांत, रानांत, गढीच्या आवारात, जेथे लोक जमतील तेथे तो उपदेश करू लागला, आणि उरलेल्या वेळी चेक भाषेत पुस्तके लिहू लागला. घरोघर वाचावयास उपयोगी पडतील असे त्याचे शुभवर्तमानावरील उपदेश त्याने याच काळात लिहून पूर्ण केले. मंदिर गेल्यामुळे त्याचे काम खुंटले नाही. जी खेडी प्रागच्या मंदिरापर्यंत कधीच पोहोचली नसती त्यांच्यापर्यंत ते काम स्वतः चालत गेले.

१४१४ साली त्याला कॉन्स्टन्स नगरातील धर्मसभेपुढे बोलावण्यात आले. सम्राटाने सुरक्षिततेचे अभयपत्र दिले होते, तरी तेथे पोहोचल्यावर त्याला कैदेत टाकण्यात आले. शास्त्रावरून माझी चूक दाखवा म्हणजे मी ती सोडीन, असे तो म्हणत राहिला. १४१५ साली जुलैच्या ६ व्या तारखेस त्याला जिवंत जाळण्यात आले, आणि कोणी अवशेष जपून ठेवू नयेत म्हणून त्याची राखही ऱ्हाईन नदीत टाकण्यात आली. त्याची कबर कोठेही नाही. पुढे १९९९ साली रोमचे पोप दुसरे जॉन पॉल यांनी हुसच्या क्रूर मरणाविषयी तीव्र खेद प्रकट केला. पाचशे चौऱ्याऐंशी वर्षांनी का होईना, तो शब्द उच्चारला गेला, याबद्दल दोन्ही बाजूंनी देवाचे आभार मानावे.

आणि मंदिराचे काय झाले? सतराव्या शतकात ते जेसुइट संघाच्या ताब्यात गेले. १७७३ साली तो संघच बरखास्त झाल्यावर मंदिर ओस पडले, आणि १७८६ साली ते पाडण्यात आले. त्या जागी पुढे बिऱ्हाडांची चाळ उभी राहिली. आज प्रवासी जे मंदिर पाहतो ते १९५० ते १९५४ या वर्षांत पुन्हा बांधलेले आहे. शेजारच्या घरांत जुन्या भिंतींचे जे भाग तगले होते ते शोधून, जुनी चित्रे व नकाशे पाहून ते उभारण्यात आले. नवल असे की, हे बांधकाम ज्या कम्युनिस्ट सरकारने केले तेच सरकार त्या वेळी पाळकांना तुरुंगात घालीत होते व मंडळ्यांवर कडक निर्बंध लादीत होते. त्यांना हुस हा गरिबांचा पुढारी म्हणून हवा होता, ख्रिस्ताचा सेवक म्हणून नव्हे. आज ही इमारत एका तंत्रविद्यापीठाकडे असून तेथे पदवीदानाचे समारंभ होतात. भिंती परत आल्या, परंतु तेथे दर रविवारी जमणारी ती जुनी मंडळी त्यांच्याबरोबर आली नाही.

४. तटाच्या भिंतीतले मंदिर आणि प्याला

बेथलेहेमपासून काही मिनिटांच्या वाटेवर संत मार्टिनचे मंदिर आहे. ते गावाच्या तटाला लागूनच बांधलेले असल्यामुळे त्याला भिंतीतले मंदिर म्हणतात. ते लहान, जाड भिंतींचे व अंधारे आहे. येथे १४१४ साली एक गोष्ट घडली. त्या काळी प्रभुभोजनात सामान्य लोकांना केवळ भाकर देत, आणि प्याला फक्त याजक घेत असे. हुसचा सहकारी याकुब याने शास्त्राचा अभ्यास करून असे प्रतिपादिले की, प्रभूने प्याला सर्वांना दिला आहे. तेव्हा या मंदिरात व नगरातील आणखी काही ठिकाणी सामान्य लोकांना प्रथमच भाकर व प्याला ही दोन्ही देण्यात आली. हुसने कैदेतून या कृत्यास संमती दर्शविली.

आपल्यातील वडील मंडळींना या गोष्टीचे मर्म सांगावे लागणार नाही. ज्यांच्या आजापणज्यांना गावच्या पाणवठ्यावर हात लावू देत नसत, ज्यांना पाणी वरून ओंजळीत ओतीत, त्यांच्या नातवंडांच्या हाती प्रभूच्या मेजावरचा तोच प्याला येतो, जो पाळकाच्या ओठाला लागतो. प्रागमधील कोष्ट्याला व लोहाराला त्या दिवशी काय वाटले असेल, हे आपल्याइतके थोड्यांनाच कळेल. म्हणूनच प्याला हे त्या चळवळीचे चिन्ह झाले.

परंतु येथेही खरे ते सांगितले पाहिजे. त्या प्याल्याचे चित्र निशाणावर काढून लोकांनी तलवार उपसली. १४१९ साली जुलैच्या ३० व्या तारखेस एका उपदेशकामागून निघालेल्या जमावाने नव्या गावाच्या कचेरीत घुसून अधिकाऱ्यांना खिडकीतून खाली फेकून मारले. तेथून पंधरा वर्षे युद्ध चालले. प्रथम त्यांनी परक्या सैन्यांना हटविले, आणि शेवटी १४३४ साली लिपानीच्या रणांगणावर प्यालेवाल्यांच्याच एका पक्षाने दुसऱ्या पक्षाचा संहार केला. ज्या प्याल्याने भाऊ एका मेजाशी बसावयाचे, त्याच प्याल्याच्या नावाने भावाने भावास मारले.

या रक्तपाताला विटून काही थोडी माणसे १४५७ च्या सुमारास कुन्वाल्ड नावाच्या खेड्यात जाऊन राहिली. तलवार धरावयाची नाही, एकमेकांस भाऊ म्हणावयाचे आणि डोंगरावरील प्रवचनाप्रमाणे चालावयाचे, असा त्यांनी निश्चय केला. यांनाच बंधुसंघ म्हणतात. त्यांच्यापाशी महामंदिर नव्हते. त्यांनी शाळा काढल्या, छापखाने चालविले, आणि १५७९ सालापासून सहा भागांत मूळ भाषांवरून केलेले चेक पवित्र शास्त्र क्रालित्से गावी छापून प्रसिद्ध केले. ते शास्त्र पुढे काय कामास आले ते आता पाहू.

५. चौकातील सत्तावीस क्रूस

संत मार्टिनहून आपण जुन्या गावाच्या मोठ्या चौकात येतो. येथे प्रवाशांची नित्य गर्दी असते. कचेरीच्या भिंतीवर १४१० सालचे एक प्रसिद्ध घड्याळ आहे. तास झाला की त्यावरील मृत्यूचा सांगाडा घंटेची दोरी ओढतो आणि वरच्या खिडक्यांतून बारा प्रेषितांच्या मूर्ती एकामागून एक जातात. लोक माना वर करून ते पाहतात. परंतु त्याच कचेरीच्या बाजूस, पायाखालच्या फरसबंदीत, पांढऱ्या दगडांचे सत्तावीस क्रूस बसविलेले आहेत. घाईत असलेल्या माणसाला ते दिसतही नाहीत.

१६१८ साली बोहेमियाच्या प्रॉटेस्टंट सरदारांनी सम्राटाविरुद्ध बंड केले. १६२० साली नोव्हेंबरच्या ८ व्या तारखेस नगराबाहेरील पांढऱ्या टेकडीवर त्यांचा पूर्ण पराभव झाला. १६२१ साली जूनच्या २१ व्या तारखेस या चौकात त्यांच्या सत्तावीस पुढाऱ्यांस मृत्युदंड देण्यात आला. त्यांत तीन मोठे सरदार, सात लहान सरदार आणि सतरा नगरवासी होते. आरोप राजद्रोहाचा होता, आणि सत्ताविसांपैकी एक जण रोमन कॅथॉलिक होता, हेही सांगितले पाहिजे. विद्यापीठाचा मुख्याधिकारी येसेनियुस, जो नावाजलेला वैद्य होता, त्याची जीभ आधी कापण्यात आली व नंतर शिरच्छेद करण्यात आला. बोलणाऱ्याच्या जिभेची राजाला केवढी भीती! बारा जणांची शिरे पुलाच्या बुरुजावर टांगण्यात आली, आणि ती दहा वर्षे तेथे होती. मघाशी आपण ज्या काळवंडलेल्या कमानीखालून आलो तोच हा बुरूज.

चौकाच्या पूर्वेस दोन टोकदार मनोऱ्यांचे टीन मंदिर आहे. टीन म्हणजे कुंपण घातलेले आवार. मागे परदेशी व्यापाऱ्यांचे तसे आवार होते, त्यावरून हे नाव पडले. दोनशे वर्षे हे प्यालेवाल्यांचे मुख्य मंदिर होते, आणि त्याच्या दर्शनी भिंतीवर मोठा सोनेरी प्याला झळकत असे. पराभवानंतर तो उतरवून वितळविण्यात आला, व त्या सोन्याचे मरियेच्या मूर्तीभोवतीचे तेजोवलय करण्यात आले. मूर्ती आजही तेथे आहे. चौकाच्या मध्यभागी हुसचे भव्य स्मारक आहे. ते १९१५ साली, त्याच्या मरणास पाचशे वर्षे झाली तेव्हा उघडे करण्यात आले. सरकारने समारंभास मनाई केली, म्हणून लोकांनी मुकाट्याने येऊन त्यावर फुले वाहिली. जवळच मरियेचा एक स्तंभ आहे. तो १६५० साली उभारलेला, १९१८ साली जमावाने पाडला, आणि २०२० साली पुन्हा उभारण्यात आला. एका चौकात इतक्या वेळा इतके दगड उठले आणि पडले!

६. मंदिरावाचून मंडळी

१६२७ साली असा कायदा झाला की, बोहेमियात रोमन कॅथॉलिक धर्मावाचून दुसरा धर्म चालणार नाही. प्रॉटेस्टंटांची मंदिरे गेली, पाळक हद्दपार झाले, हजारो कुटुंबे देशोधडीस लागली. बंधुसंघाचा अध्यक्ष कोमेनियुस, जो शिक्षणशास्त्राचा जनक म्हणून जगभर मानला जातो, तोही परदेशी भटकत १६७० साली हॉलंडात वारला. जे गोरगरीब शेतकरी जमीन सोडून जाऊ शकले नाहीत ते मागे राहिले. त्यांना ना मंदिर, ना पाळक, ना प्रभुभोजन.

मग त्यांच्यापाशी राहिले काय? घरात दडवून ठेवलेले एक पुस्तक. रात्री दार लावून बाप मोठ्याने क्रालित्सेचे शास्त्र वाची आणि मुले ऐकत. झडतीस माणसे आली असता एका घरातील आईने ग्रंथ कणकेत लपेटून भट्टीत ठेवला, अशी कथा तेथे अजून सांगतात. पुस्तके हुडकून जाळण्यासाठी नेमलेले पाद्री गावोगाव फिरत. त्यांत कोनियाश नावाच्या पाद्र्याची विशेष ख्याती आहे. असे एक वर्ष नव्हे, दहा वर्षे नव्हे, तर १७८१ पर्यंत दीडशेहून अधिक वर्षे चालले. म्हणजे सुमारे सहा पिढ्या. आजीने नातीला आणि नातीने आपल्या नातवाला ते वचन दिले.

१७८१ साली सम्राट दुसरा जोसेफ याने सहिष्णुतेचा जाहीरनामा काढला. तेव्हा राज्यकर्त्यांना वाटले की, आता कोण उरले असेल! परंतु हजारो लोकांनी पुढे येऊन आम्ही प्रॉटेस्टंट आहो अशी नोंद केली. त्यांना प्रार्थनागृहे बांधण्याची परवानगी मिळाली, पण अटींसह: शंभर कुटुंबे असली पाहिजेत, इमारतीला मनोरा असता कामा नये, घंटा असता कामा नये, आणि दार सार्वजनिक रस्त्याकडे उघडता कामा नये. म्हणजे बाहेरून पाहणाऱ्यास ते धान्याचे कोठार वाटावे. त्या कोठारांत त्या लोकांनी किती आनंदाने गीते गाइली असतील याची कल्पना करावी.

७. तो झरा आपल्या अंगणापर्यंत

आता मोराविया हे नाव पुन्हा आठवावे. १७२२ साली मोरावियातील काही गुप्त विश्वासी लोक सीमा ओलांडून जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात गेले. तेथे झिन्झेनडोर्फ नावाच्या सरदाराने त्यांना आपल्या जमिनीवर आश्रय दिला. त्यांनी हेर्नहूट नावाचे गाव वसविले. १७३२ साली त्या लहानशा गावातून दोन माणसे वेस्ट इंडीज बेटांतील गुलामांस सुवार्ता सांगावयास निघाली. एक कुंभार, दुसरा सुतार. थोड्याच वर्षांत हे मोरावियन बंधू पृथ्वीच्या दूरदूरच्या भागांत गेले. १७६० साली ते आपल्या देशात तरंगमबाडीस आले, आणि पुढील शतकात हिमालयातील लाहूल व लडाख येथे गेले. लेह येथे त्यांची मंडळी आजही आहे.

१७९२ साली इंग्लंडातील विल्यम केरी या चांभारकाम केलेल्या उपदेशकाने परदेशी सुवार्ताकार्याविषयी एक लहान पुस्तक लिहिले. त्यात त्याने मोरावियन बंधूंचे उदाहरण आपल्या लोकांपुढे ठेविले. दुसऱ्याच वर्षी केरी बंगाल्यात आला, आणि पुढे श्रीरामपूर येथे त्याने व त्याच्या सोबत्यांनी अनेक देशी भाषांत शास्त्र छापले. त्यांत मराठीही होती. मराठी नवा करार तेथून १८११ साली बाहेर पडला. त्याची भाषा ओबडधोबड होती, पुढील भाषांतरकारांनी ती पुष्कळ सुधारली. तरी आरंभ तो झाला. प्रागमध्ये लोकांच्या भाषेत उपदेश व्हावा म्हणून एका व्यापाऱ्याने जागा दिली होती. ती इमारत पडली, परंतु तिच्यातून जे निघाले ते अशा रीतीने फिरत फिरत आपल्या अंगणापर्यंत आले.

८. बोध

या फेरीवरून मंदिरे नकोत असा अर्थ कोणी काढू नये. पाऊस लागतो, ऊन लागते, मुलाबाळांना व म्हाताऱ्यांना छप्पर पाहिजे. शिवाय देवाच्या नावाने जमावयाची जागा नीटनेटकी असावी, हे आदराचेच लक्षण आहे. ज्यांचे मंदिर मोडकळीस आले असेल त्यांनी ते अवश्य दुरुस्त करावे. परंतु प्रागमध्ये आज दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी दिसतात. मनोरे शाबूत आहेत, घंटा वाजतात, प्रवासी पैसे देऊन आत जातात. तथापि त्या देशातील बहुतेक लोक आज कोणत्याही मंडळीचे सभासद नाहीत. संत मार्टिनच्या व दुसऱ्या काही मंदिरांत लहान लहान मंडळ्या निष्ठेने जमतात, आणि त्या त्यांच्या देशात थोड्या आहेत, जसे आपण आपल्या देशात थोडे आहो. उलट ज्या दीडशे वर्षांत मंदिर नव्हते, घंटा नव्हती, पाळक नव्हता, त्या काळात शेतकऱ्याच्या घरातली मंडळी मेली नाही.

यिर्मयाच्या काळचे लोक मंदिरावर भरवसा ठेवून वचन ऐकत नव्हते. बोहेमियातील गरीब कुणबी मंदिरावाचून वचन ऐकत होते. मंडळी कशाने तगते याचे उत्तर या दोहोंच्या मध्ये आहे. तेव्हा, उपदेशक बंधूंनो, ज्या गावी मंदिर नाही तेथे कष्टी होऊन बसू नका. त्या गावी किती घरांत शास्त्र आहे, किती घरांत ते मोठ्याने वाचले जाते, वाचता न येणाऱ्या आजीला कोण वाचून दाखवितो, हे आधी पाहा. आणि ज्या गावी मंदिराच्या जागेचा तंटा आहे तेथे लिपानीचे रणांगण आठवा. तंटा जिंकून मंडळी गमावली तर त्या चार भिंतींत कोण बसणार?

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. बेथलेहेम मंदिर लोकांच्या भाषेसाठी स्थापिले गेले. आपल्या उपासनेतील असे कोणते शब्द आहेत जे आपल्या मंडळीतील अशिक्षित बंधुभगिनींना कळत नाहीत? ते कसे समजावून सांगता येतील?

२. हुस प्राग सोडून खेड्यांत गेला. आपल्या गावाजवळ अशी कोणती वस्ती आहे जेथे अद्याप कोणी उपदेशक जात नाही?

३. प्रॉटेस्टंटांनी १६१९ साली केलेली तोडफोड व त्यांनी पुढे सोसलेला छळ, ही दोन्ही आपण मुलांना का सांगावी?

४. उद्या मंदिर व पाळक दोन्ही नाहीसे झाले, तर आपल्या घरात कोणत्या गोष्टी चालू राहतील? खरे उत्तर द्यावे.

५. १ पेत्र २ यात विश्वासणाऱ्यांस कोणत्या प्रकारचे दगड म्हटले आहे? त्या बांधकामात आपल्या मंडळीतील सर्वांत गरीब कुटुंबाची जागा कोठे आहे?

उपदेशकांस सूचना : हा पाठ एका बैठकीत संपविण्याची घाई करू नये. पहिल्या दिवशी तिसऱ्या भागापर्यंत, दुसऱ्या दिवशी पुढील भाग घ्यावा. नगरांची व माणसांची परकी नावे पाठ करून घेण्याची गरज नाही. बेथलेहेम, प्याला, सत्तावीस क्रूस आणि भट्टीतले पुस्तक, एवढ्या चार खुणा लोकांच्या ध्यानात राहिल्या म्हणजे पुरे. शेवटी, ज्यांच्या घरी शास्त्र नाही अशा कुटुंबांची नावे लिहून घ्यावी, व त्यांना ते मिळवून देण्याची व्यवस्था त्याच बैठकीत ठरवावी.